निवडणुकीत घरचं मतदान सांभाळणाऱ्या नवख्यासाठी

राजकारण्यांवरचा राग नंतर काढा, आधी मतदार यादी बघा. ‘मतदार कार्ड आहे ना, मग झालं’ ही घरोघरची चूक. कार्ड असून यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. उलट नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पासपोर्ट किंवा वाहन परवाना चालतो. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळखपत्र नव्हे.

घरातल्या प्रत्येकाचं नाव १९५० वर फोन करून किंवा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तपासा. १८ पूर्ण केलेल्या लेकीसाठी नमुना ६, म्हणजे नवं नाव नोंदवायचा अर्ज. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल तर नमुना ८, म्हणजे नाव इकडे हलवायचा अर्ज. इथे पुन्हा ६ भरला की नाव दोन ठिकाणी लागतं. हे सगळं उमेदवारी अर्ज सुरू होण्याआधीच उरका.

आजी ८५ च्या पुढे असतील तर विधानसभा-लोकसभेला घरून मतदानाची सोय आहे. त्यासाठी नमुना १२डी हा अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेपासून ५ दिवसांत द्यावा लागतो, आणि तेवढ्यात घरात ‘कोण देणार’ यावरच वाद चालतो!

तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर भांडत परतू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत, म्हणजे अशा वेळी वेगळं घेतलं जाणारं मत, मागा, ते मतपत्रिकेवर घेतात.

महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात एकच बटण दाबून निघू नका. जागा चार असतील तर मतंही चार. कुणीच नको असेल तर ‘नोटा’ दाबा.

आणि काका-मामांचा राजकारणावरचा वाद? जेवणाच्या पानावर तरी नको.