‘सौम्य’ स्लीप अ‍ॅप्निया आणि पहाटेचे तास

प्रश्न : माझे वय ४४ आहे. घोरणे वाढल्यामुळे स्लीप स्टडी करून घेतली. अहवालात स्लीप अ‍ॅप्नियाचा, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजाराचा, एकूण निर्देशांक ताशी ८.६ असून ‘सौम्य’ असा शेरा आहे. मात्र आरईएम झोपेचा निर्देशांक ३० दिला आहे. रात्रीचा पहिला भाग शांत जातो, पण पहाटे गुदमरून जाग येते आणि सकाळी डोके जड असते. आजार सौम्य आहे म्हणून दुर्लक्ष करावे का?
— एक वाचक

उत्तर : दुर्लक्ष करू नये. ताशी ५ ते १५ वेळा श्वास थांबत किंवा मंदावत असेल तर आजाराला सौम्य म्हणतात, पण हा आकडा संपूर्ण झोपेची सरासरी असतो. समजा, सात तासांच्या झोपेत आरईएम, म्हणजे मुख्यतः स्वप्ने पडतात ती झोप, दीड तास आहे. त्या दीड तासात ४५ वेळा आणि उरलेल्या साडेपाच तासांत केवळ १५ वेळा श्वास अडला, तर एकूण ६० घटनांना सातने भागून ८.६ हाच आकडा येतो. अहवाल चुकीचा नाही. शेरा मात्र अपुरा आहे.

स्वप्नांच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू सैलावतात. श्वासपटल काम करीत राहते, परंतु जीभ पुढे धरून ठेवणारा स्नायूही ढिला पडल्याने घशातील वाट सहज मिटते. शिवाय रक्तातील ऑक्सिजन घटल्यावर किंवा कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर श्वासाचा जोर वाढवण्याची मेंदूची प्रतिक्रिया या अवस्थेत मंद असते. त्यामुळे अडथळे अधिक लांबतात आणि ऑक्सिजनही अधिक खाली जातो. ही झोप रात्रीच्या शेवटच्या तृतीयांशात सर्वाधिक असल्याने तुमचा त्रास पहाटे उफाळतो. हा प्रकार स्त्रियांमध्ये आणि सौम्य रुग्णांमध्ये तुलनेने जास्त आढळतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घकालीन अभ्यासात आरईएम निर्देशांक १५ किंवा अधिक असणे आणि उच्च रक्तदाब यांचा संबंध दिसून आला आहे, म्हणून रक्तदाब नियमित तपासावा.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा ऑक्सिजन किती खाली गेला, त्या रात्री आरईएम झोप किती मिनिटे मिळाली आणि त्या वेळी तुम्ही उताण्या होतात का, हे विचारा. अनोळखी खोलीत, अंगाला तारा लावलेल्या अवस्थेत ही झोप कमी लागू शकते. काही नैराश्यविरोधी औषधांनीही ती घटते आणि मग आजार प्रत्यक्षाहून हलका भासतो. मेंदूच्या लहरी न नोंदवणाऱ्या घरगुती चाचण्यांत तर ही झोप थेट ओळखताच येत नाही.

वजन जास्त असल्यास कमी करणे, कुशीवर झोपणे आणि रात्री मद्य टाळणे यांचा फायदा होतो. खालचा जबडा पुढे धरणारे दातांवरचे उपकरण किंवा मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र यांपैकी काय योग्य, ते निद्राविकारतज्ज्ञ तुमची लक्षणे पाहून ठरवतील. सीपॅप सुचवले गेले, तर मुखवटा उजाडेपर्यंत लावून ठेवा. अनेक जण तो तीन-चार तासांनी काढतात, आणि नेमकी तेव्हाच तुमच्यासारख्या रुग्णांना त्याची खरी गरज सुरू होते.