पहिला माईक घेण्याआधी बूम धर

बी.एस्सी.नंतर सिनेमा-टीव्हीच्या साउंडमध्ये यायचंय, नागपुरात राहून सुरुवात कशी करू आणि पहिला माईक कोणता घेऊ, असं तू विचारलंयस. माईक आत्ता घेऊच नकोस. इथे जाहिराती, शॉर्ट फिल्म, डॉक्युमेंटरी होतात; त्यातल्या एखाद्या रेकॉर्डिस्टच्या हाताखाली बूम, म्हणजे टोकाला माईक लावलेली लांब काठी, धर.

या कामात सगळा खेळ अंतराचा आहे. माईक बोलणाऱ्यापासून दुप्पट लांब गेला की त्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, खोलीतला कूलर मात्र तेवढाच घरघरत राहतो. मे महिन्यात, ४५ डिग्रीत, आपल्याकडच्या घरात शूट असलं की हे नीट कळतं. टेकपुरता कूलर बंद करायला लावायचा, युनिट घामाघूम, दिग्दर्शक घाईत, आणि तरी ‘मागे पंप सुरू होता, अजून एक टेक लागेल’ हे स्पष्ट सांगायचं. हे सांगण्याची हिंमत ज्याच्यात आहे तोच इथे टिकतो, असं माझं ठाम मत आहे. सीन संपला की सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा आवाज, अर्धा-एक मिनिट घ्यायचा. तो नसला तर एडिटमध्ये संवादांमधल्या जागा उघड्या पडतात.

बूम धरणं हलकं काम नाही. संवाद पाठ लागतात, लेन्स बघून फ्रेम कुठवर आहे ते ओळखावं लागतं, माईकची सावली टाळावी लागते.

रेकॉर्डर उसना मिळाला तर मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत जा. ताशे अंगावर आले तरी लेव्हल इतकी वर जाऊ द्यायची नाही की आवाज फुटेल. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. व्हिडिओचं काम त्यावरच चालतं.

डबिंग, फोली (पावलं, कपडे यांचे आवाज नंतर स्टुडिओत करणं), मिक्सिंगची वाट वेगळी. त्यासाठी आज ना उद्या मुंबई गाठावीच लागते. शिक्षण घ्यायचं तर पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट (एफटीआयआय) किंवा कोलकात्याची सत्यजित रे फिल्म संस्था. प्रवेश कठीण आहे, पण तुझं फिजिक्स तिथे कामी येईल. २००९ मध्ये साउंड मिक्सिंगचं ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी एफटीआयआयचेच, हे घरच्यांना जरूर सांग.

पैशाचंही ऐकून ठेव. काम दिवसाच्या हिशेबानं मिळतं आणि पेमेंट उशिरा येतं, म्हणून दर आणि तारीख आधीच लेखी घे. काही विकत घ्यायचंच असेल तर कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन घे.