हृदयविज्ञानातल्या एखाद्या संशोधकाचा एच-इंडेक्स 110 असेल, तर त्यावरून काय समजायचं?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला पीएचडीसाठी ज्यांच्याकडे जायचंय त्या सरांच्या नावावर सातशेवर पेपर आहेत, एच-इंडेक्स 110 आहे, आणि हे आकडे बघून घरचे सगळे भारावून गेलेत. मी वैद्यकीय ग्रंथालयात काम करते, अशा याद्या तपासणं हे माझं रोजचंच काम. आकडा मोठा आहे यात शंका नाही. पण बहिणीला जे कळायला हवं ते त्यात दिसत नाही.

जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये हे माप मांडलं. दुसऱ्या संशोधकांनी आपल्या पेपरात तुमच्या पेपराचा संदर्भ दिला की ते एक सायटेशन; प्रत्येकी किमान 110 सायटेशन मिळालेले 110 पेपर असले की एच-इंडेक्स 110. समजा कुणाच्या पाच पेपरांना 50, 20, 8, 4 आणि 3 सायटेशन आहेत, तर त्याचा एच-इंडेक्स 4. पहिल्या पेपरला 50 च्या जागी 5000 मिळाली असती तरी 4 च! म्हणजे एकच पण युगप्रवर्तक काम करणाऱ्याला हे माप न्याय देत नाही. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी 1977 मध्ये झुरिकला फुग्याने हृदयाची रक्तवाहिनी रुंद केली आणि 1978 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला एक छोटं पत्र लिहून ते कळवलं. वयाच्या 46 व्या वर्षी ते विमान अपघातात गेले. आजची अँजिओप्लास्टी त्या कामातून आली आहे.

हृदयविज्ञानात आकडे फुगण्याची कारणं या क्षेत्राच्या स्वभावातच आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधांची तुलना करणारी गस्टो चाचणी 1993 मध्ये छापून आली: 41,021 रुग्ण, 15 देश, 1,081 रुग्णालयं. इतके रुग्ण गोळा करायला शेकडो डॉक्टर राबतात आणि त्यांना श्रेय मिळायलाच हवं. मात्र अशा मोठ्या चाचणीच्या माहितीवर पुढे कितीतरी उपपेपर निघतात आणि चाचणीची धुरा सांभाळणाऱ्या सुकाणू समितीतल्यांची नावं त्यांतल्या अनेकांवर लागतात. दुसरं कारण मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे उपचार कसे करावेत याबद्दल तज्ज्ञांच्या समितीने डॉक्टरांसाठी लिहिलेल्या शिफारशी. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या हार्ट फेल्युअरवरच्या तत्त्वांचा उल्लेख त्या विषयावरच्या अनेक पेपरांच्या सुरुवातीलाच येतो, म्हणून त्यांना हजारो सायटेशन मिळतात. ती तत्त्वं लिहिणाऱ्या समितीत बोलावलं जाणं हा मानच आहे, पण तो स्वतःचा शोध म्हणून मोजू नये.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. सायटेशन म्हणजे सहमती, असं लोक धरून चालतात. अस्थिमज्जेतल्या पेशी हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा घडवतात, असा दावा 2001 मध्ये 'नेचर'मध्ये आला आणि तो प्रचंड गाजला. 2004 मध्ये त्याच नियतकालिकात दोन गटांनी लिहिलं की आम्हाला तसं काही आढळत नाही. या खंडन करणाऱ्या पेपरांनीही मूळ पेपराचं सायटेशन दिलं, म्हणजे त्याच्या खात्यात भरच पडली. पुढे 2018 मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि संबंधित रुग्णालयाने त्या कामामागच्या प्रयोगशाळेचे 31 पेपर मागे घेण्याची शिफारस केली. तोवर त्या आशेवर रुग्णांवर चाचण्याही होऊन गेल्या होत्या. सायटेशन मोजणाऱ्या यंत्राला यातलं काहीच कळत नाही.

सायटेशन मोजणाऱ्या दोन साधनांपैकी गूगल स्कॉलरवरचा आकडा स्कोपसपेक्षा जास्त दिसला तर गोंधळू नका. गूगल प्रबंध आणि पुस्तकांमधले उल्लेखही धरतं. आयसाइट (iCite) हे मोफत साधन पेपराची तुलना त्याच्याच क्षेत्रातल्या पेपरांशी करतं, 1 म्हणजे सरासरी. तेही एकदा बघा.

खरी तपासणी मात्र बहिणीने स्वतः करावी, एका दुपारचं काम आहे. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीवर सरांची गेल्या पाच-सहा वर्षांची यादी काढायची. ज्यांत त्यांचं नाव मधेच कुठेतरी आहे ते पेपर बाजूला ठेवायचे. जिथे ते शेवटचे लेखक आहेत, तिथे बहुधा प्रयोगशाळा त्यांची असते. त्या पेपरांवर पहिलं नाव कुणाचं आहे? ते त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी आहेत का? त्यातल्या दोघा-तिघांना मेल करून विचारायला तिने संकोच करू नये. पेपरावर छापलेला पत्रव्यवहाराचा पत्ता मात्र बऱ्याचदा सरांचाच असतो, तेव्हा विद्यार्थ्यांचा पत्ता वेगळा शोधावा.