चपाती सोडून भाकरी धरली, तरी शुगर 240 का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकच्या इंदिरानगरहून लिहितेय. मिस्टरांचं वय 54, हार्डवेअरचं दुकान आहे. सहा वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 8.4 आलं तेव्हा यांनी एकदम मनावरच घेतलं, मोबाइलवर लो कार्बचे, म्हणजे पीठ-भात-साखर यांतले कार्बोहायड्रेट कमी खायचे, व्हिडिओ बघितले आणि दुसऱ्या दिवसापासून पोहे बंद, चपाती बंद, भात बंद. आता सकाळी गोळी घेऊन नुसती दोन उकडलेली अंडी खातात, दुपारी आणि रात्री दोन-दोन बाजरीच्या भाकरी. मंगळवारी साडेअकराला दुकानात दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, मुलाने मोजली तर 58. घाईत दोन पेढे भरवले. आणि दुपारच्या जेवणानंतर त्याच दिवशी 240! हे कसं काय? त्यात रविवारची मिसळ काही सुटत नाही.

उत्तर : ताई, आधी 58 चं बोलू, भाकरी नंतर. 70 च्या खाली गेली की ती लो शुगर, आणि तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत ती अंड्यांमुळे झाली नाही, गोळीमुळे झाली. ग्लिमेपिराइडला तुम्ही काय खाल्लंय ते कळत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते म्हणजे लावतेच. पूर्वी सोबत पोहे असायचे तर ते इन्सुलिन खर्ची पडायचं, आता अंड्यात कार्ब जवळपास नाहीतच, मग इन्सुलिन करणार काय, रक्तातलीच साखर खाली आणणार. मेटफॉर्मिन एकटी असती तर सहसा असं होत नाही. म्हणून आज-उद्यात डॉक्टरांना फोन करा, सकाळचा नाश्ता असा बदललाय हे सांगा, डोस कमी करायचा की वेळ बदलायची ते तेच ठरवतील. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आणि हे इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर दुप्पट लक्षात ठेवायचं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या असतील तर कडक लो कार्ब डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करायचं नाही, त्यात शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून माणूस ॲडमिट होऊ शकतो. मळमळ, पोटात दुखणं, धाप लागणं असं झालं तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आणि पेढा नको हो! पेढ्यात खवा, म्हणजे तूप आलं, त्याने साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, अजून 70 च्या खाली असेल तर परत तेवढीच, वर आली की मग थोडं खायला. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. दुकानाच्या गल्ल्यात ग्लुकोज पावडरची पुडी ठेवून द्या.

आता 240. शुगर खाली गेली की शरीर घाबरून स्वतःच लिव्हरमधली साखर बाहेर काढतं, त्यावर दोन पेढे, त्यावर दोन भाकरी. आता भाकरीचं ऐका, इथेच सगळे फसतात. आपल्याकडे भाकरी म्हणजे शुगरवाल्यांचं औषध असा समज आहे, पण बाजरीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात कार्ब जवळजवळ सारखेच, 100 ग्रॅमला 60 ते 70 ग्रॅम. बाजरीत फायबर चांगलं हे खरं, पण कार्ब कुठे पळून जात नाहीत. एकदा करून बघा, किचनचा वजनकाटा घ्या आणि भाकरी थापायच्या आधी कोरडं पीठ मोजा. माझ्या सासूबाईंच्या हातची एक भाकरी 65 ग्रॅम पिठाची निघाली होती, म्हणजे साधारण 40 ग्रॅम कार्ब, आणि माझा फुलका 25 ग्रॅमचा. त्यांच्या दोन भाकरी म्हणजे माझे जवळपास पाच फुलके! (त्यांना हे अजून पटलेलं नाही.) दिवसाला 130 ग्रॅमच्या खाली कार्ब असले तर त्याला लो कार्ब म्हणतात, तुमच्याकडे चार भाकरीतच ते ओलांडलं जातंय. चपाती-भाकरी असा जातिभेद नको, आकडा बघा.

माझं म्हणणं, पातळ अर्धी भाकरी, आणि ताटाचा अर्धा भाग मेथी, गिलके, भरली वांगी, कोबी, काकडी. वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, दही, अंडं, पनीर, चिकन काय चालत असेल ते. आधी भाजी आणि उसळ खायची, भाकरी शेवटी, एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन डॉक्टरांना विचारून. जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा आणि वहीत लिहा, साधारण 180 च्या आत यायला हवी. पंधरा दिवसांची वही डॉक्टरांना दाखवा, कारण एचबीएवनसी तीन महिन्यांचा हिशोब सांगतं, रोजच्या भाकरीचा नाही.

मिसळ? मिसळीतली मटकी चांगलीच आहे, गुन्हेगार पाव, फरसाण आणि गंगापूर रोडला ताटात गुपचूप येऊन बसते ती जिलबी. पाव एक, फरसाण चिमूटभर, दही जास्त. जिलबी ऑर्डर देतानाच नको सांगायची, ताटात आल्यावर कोण परत पाठवतो!

प्रश्न : निफाडहून मामा द्राक्षांची पेटी पाठवतात. मला शुगर आहे, अजिबात खायची नाहीत का?

उत्तर : नाशिकमध्ये राहून द्राक्षं नाही खायची असं मी कुणाला सांगत नाही. 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 17-18 ग्रॅम कार्ब, म्हणजे एका फुलक्याएवढे. दहा-बारा दाणे मोजून वाटीत घ्या, पेटी समोर ठेवून टीव्ही बघत बसू नका. त्या दिवशी एक फुलका कमी. मनुके मात्र बेताने, पाणी उडून जातं, साखर तेवढीच राहते.

प्रश्न : रात्री फक्त सूप पिते तरी सकाळी उपाशीपोटी 148. असं का?

उत्तर : पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, काही हार्मोन वाढतात आणि लिव्हर साखर सोडतं, इन्सुलिन कमी पडत असेल तर ती तशीच रक्तात राहते. त्यात तुमची चूक नाही, आणि सूपही काढून टाकून काही होणार नाही. दोन-तीन रात्री झोपताना आणि एकदा पहाटे तीनला मोजा, ते आकडे डॉक्टरांना द्या. सूपमध्ये कॉर्नफ्लॉवर घालत असाल तर तेवढं बंद करा.