संघ तळाला गेलाय, कोच बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोवा प्रोफेशनल लीगमधला तुमचा संघ तळाला आहे, कोच आणि कर्णधार यांचं बोलणं जवळजवळ बंद आहे, आणि कमिटीला कोच बदलून मोकळं व्हायचंय. तुम्ही टीम मॅनेजर म्हणून नुकतेच रुजू झालात आणि त्यांनी तुमचं मत मागितलंय. मी गोव्याच्या लीगमध्ये बरीच वर्षं सहायक कोच म्हणून काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कोचला काढायचं की ठेवायचं हे नंतर बघा. आधी एकच गोष्ट शोधून काढा: तुमच्या क्लबमध्ये अकरा जणांची निवड खरोखर कोण करतं? कागदावर ती सगळीकडे कोचच करतो. पण सामन्याच्या आदल्या रात्री कुणाचा तरी फोन येतो आणि सकाळी यादीत एक नाव बदललेलं असतं, असं होतं का? बेंचवर बसलेला पोरगा कोचला न भेटता थेट कमिटीतल्या कुणाच्या घरी जातो का? असं होत असेल तर तुम्ही कितीही चांगला कोच आणा, चार सामन्यांनी त्याचीही हीच गत होणार.

म्हापशाच्या डुलेर मैदानावरचा एक सामना मला अजून लख्ख आठवतो. आम्ही एका गोलने मागे होतो. मध्यंतरात कोच फळ्यावरची लोहचुंबकं सरकवत समजावत होते की उजव्या बॅकने, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावपटूने, आता वर जायचं नाही, समोरचा डावा विंगर, म्हणजे कडेने धावणारा आक्रमक, वेगवान आहे, तो मागची रिकामी जागा बघतोय. तेवढ्यात क्लबचे एक पदाधिकारी आत आले. “त्याला वर जाऊ दे, गोल नको का करायला?” असं सगळ्यांसमोर म्हणाले. कोच गप्प झाले. उजवा बॅक अगदी कोवळा पोर, पहिलाच मोसम. बुटाची नाडी बांधता बांधता त्याने विचारलं, “सर, हांव खंय खेळूं?” (मी कुठे खेळू?) विचारताना तो कोचकडे बघत नव्हता, पदाधिकाऱ्यांकडे बघत होता. दुसऱ्या हाफमध्ये त्याच बाजूने आम्ही आणखी दोन गोल खाल्ले, आणि पुढच्या बैठकीत विषय निघाला तो कोचची खेळाडूंवर पकड राहिली नाही याचा. पकड कुणी सोडवली ते त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

खेळाडूला दुसरं दार सापडलं की तो पहिल्या दाराशी कशाला थांबेल? यात मी खेळाडूला दोष देत नाही. त्याचा करार एका मोसमाचा असतो, घरी त्याच्या पैशाची वाट बघणारे असतात, आणि आपल्याला कोण खेळवणार हे ओळखणं ही त्याची गरज असते. दोष दुसरं दार उघडं ठेवणाऱ्यांचा.

आता इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) आपल्याच एफसी गोवाकडे बघा, कारण कमिटीत बसलेले लोक उदाहरणं तिथलीच देतात आणि बहुतेक वेळा अर्धीच देतात. ब्राझीलचे दिग्गज खेळाडू झिको २०१४ ते २०१६ असे तीन मोसम कोच होते. पहिल्या मोसमाच्या सुरुवातीला संघ तळाच्या आसपास चाचपडत होता. तेव्हा त्यांना घरी पाठवलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती, एवढं नाव असूनही. त्यांना ठेवलं, आणि तोच संघ साखळीत दुसरा आला. २०१५ ला साखळीत पहिला, मग फातोर्ड्यावर, आपल्याच मैदानावर, फायनल, चेन्नईयनकडून २-३ अशी हार. २०१६ ला मात्र त्याच झिकोंचा संघ थेट शेवटच्या क्रमांकावर. मधल्या काळात फायनलनंतरच्या गोंधळावरून क्लबवर कारवाई झाली, मालकीत बदल झाले, आणि नव्या मोसमाची तयारी त्या सावटाखाली झाली. तीन मोसमांत माणूस एकच, आणि निकाल तीन तऱ्हांचे.

तुमच्या कमिटीत कुणीतरी २०२० चा दाखला देईलच. जानेवारीअखेर तेव्हाचे कोच सेर्जिओ लोबेरांना दूर केलं तेव्हा एफसी गोवा गुणतक्त्यात वर होता. क्लिफर्ड मिरांडांकडे तात्पुरती सूत्रं आली, जमशेदपूरला ५-० ने हरवून संघाने साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी लीग विनर्स शील्ड जिंकली आणि आशियातल्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. त्यावरून ‘बघा, कोच बदलला आणि जिंकले’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. लोबेरांनी अडीच वर्षं एकाच पद्धतीने घडवलेला संघ क्लिफर्डना मिळाला होता, आणि क्लिफर्ड स्वतः क्लबच्या आतले, पूर्वी गोव्याच्याच डेम्पो क्लबकडून खेळलेले, पोरांना नावानिशी ओळखणारे. त्यांनी आल्याबरोबर सगळं उलटंपालटं केलं नाही, यात त्यांचा मोठेपणा. (पुढे २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप त्यांनीच जिंकून दिला. मोसमाच्या मध्यात सांभाळायला दिलेला संघ कसा चालवावा हे ज्याला शिकायचंय त्याने त्यांचं काम बघावं.) तरीही सेमीफायनलचा पहिला सामना चेन्नईत १-४ असा गेला, फातोर्ड्यावर ४-२ जिंकूनही दोन सामन्यांच्या बेरजेत एका गोलने बाहेर पडावं लागलं.

२०२१-२२ चा दाखला मात्र सहसा कुणी देत नाही. ऑक्टोबरात हुआन फेरांदोंच्या हाताखाली ड्युरँड कप जिंकला, आयएसएलची सुरुवात पराभवांनी झाली, आणि डिसेंबरमध्ये फेरांदो एटीके मोहन बागानकडे निघून गेले. डेरिक परेरांनी सूत्रं घेतली. तेही आतलेच, अनुभवी, गोव्याच्या फुटबॉलमध्ये त्यांच्याबद्दल आदर नाही असा माणूस सापडणार नाही. तरी संघ अकरापैकी नववा आला. खेळाडू निवडले होते दुसऱ्याच्या पद्धतीसाठी, मोसम बंद दाराआड, प्रेक्षकांविना चालला होता, आणि निम्म्यावर सोडून गेलेल्या कोचचा घाव पोरांच्या मनावर होता. अशा वेळी कुणीही येऊन काय करणार?

एकाच वर्षातलं आणखी एक उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण कोच म्हणजे जादूगार हा समज त्याने पार मोडतो. मानोलो मार्केझ २०२४-२५ मध्ये एफसी गोवा आणि भारतीय संघ दोन्ही सांभाळत होते. एफसी गोवा साखळीत दुसरा आला आणि मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला. त्याच माणसाच्या हाताखाली भारताने आठ सामन्यांत एकच जिंकला, तोही मालदीवविरुद्ध, आणि जुलैत त्यांनी राष्ट्रीय संघ सोडला. क्लबमध्ये त्यांना रोजची प्रॅक्टिस होती आणि आपल्या पसंतीचे खेळाडू होते. राष्ट्रीय संघात मिळत होते ते सामन्याआधीचे मोजके दिवस. तेव्हा तुमच्या कोचला काय मिळालं होतं ते आधी मोजा: प्रीसीझन, म्हणजे मोसमाआधीचा सराव, किती झाला, खेळाडू कुणी निवडले, मैदान रोज मिळतं की आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या कुणाला दिलेलं असतं?

हे मोजायला एक साधा उपाय आहे, तो आजच सुरू करा. या मोसमात खाल्लेला प्रत्येक गोल वहीत लिहा. कितव्या मिनिटाला, कॉर्नर-फ्रीकिकवर की चालू खेळात, कुठल्या बाजूने, आणि चेंडू कुणाकडून गेला. व्हिडिओ नसेल तर सहायक कोच आणि गोलकीपरला शेजारी बसवा, गोलकीपरला सगळं आठवत असतं. शेवटच्या वीस मिनिटांत जास्त गोल खाल्ले असतील तर पोरांचा दम कमी पडतोय, आणि त्याचा जाब कोच-फिजिओंना विचारता येतो. कॉर्नरवर पुन्हा पुन्हा तोच खेळाडू मोकळा सुटत असेल तर सरळसरळ सराव कमी पडलाय, तो कोचचाच दोष. पण दर सामन्यात वेगळाच खेळाडू वेगळीच चूक करतोय, बदली म्हणून बेंचवरून आणायला कुणी नाही, स्टॉपर (मधला बचावपटू) जायबंदी झाला की मिडफिल्डरला मागे खेळवावं लागतंय, असं निघालं तर कोच बदलून काडीचाही फरक पडणार नाही. ती वही कमिटीपुढे ठेवा. माणसांबद्दल बोलत बसलं की बैठक भरकटते, गोलांबद्दल बोलायला लागलं की ताळ्यावर येते.

आता कर्णधाराचं. तुमच्या वर्णनावरून वाटतं की तो सिनियर आहे, गावचा आहे, पोरं त्याचं ऐकतात, आणि नव्या कोचने त्याची जागा बदलल्यापासून तो दुखावलाय. जागा बदलणं हे फुटबॉलमध्ये फार नाजूक काम. मंदार राव देसाई आठवा. विंगर म्हणून नाव कमावलेला आपला म्हापशाकडचा खेळाडू, लोबेरांनी त्याला डावा बॅक केला. स्वतःची जागा सोडून मागे जाणं कुठल्याही विंगरला सहज पचत नाही. पण त्याला त्या जागी सलग खेळवलं, एका चुकीवरून बसवलं नाही, आणि पुढे लोबेरा मुंबई सिटीत गेले तेव्हा मंदारही तिकडे गेला. तुमच्या कोचने कर्णधाराला बाजूला घेऊन कारण सांगितलं होतं का, की यादी लावल्यावर त्याला कळलं? हे त्या दोघांना वेगवेगळं विचारा. मग दोघांना एकत्र बसवा, कमिटीतलं कुणीही तिथे नको, तुम्हीही पहिल्या दहा मिनिटांनंतर बाहेर पडा.

त्यातून काही निघालं नाही तर कोचला सांगा की कर्णधार बदलायचा अधिकार त्यांचा आहे, आणि तो त्यांनी वापरला तर त्यांच्या मागे उभे राहा. कर्णधाराची पट्टी कमिटीने काढून घेतली तर पोरं ते कोचच्या माथी मारतील आणि कोचकडे स्वतःच्या बाजूने बोलायलाही काही उरणार नाही.

पगाराबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारतो. मानधन वेळेवर जातंय ना? डेम्पो, साळगावकर हे खाणमालकांचे क्लब होते तेव्हाची पिढी सांगते की पैशाची काळजी करत मैदानात उतरावं लागायचं नाही. अर्मांदो कुलासोंनी डेम्पोला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, ते वर्षानुवर्षं एकाच क्लबमध्ये टिकून आणि त्या स्थैर्याच्या जोरावर. ते २०१३ मध्ये गेल्यावर दोन मोसमांत दोन परदेशी कोच आले आणि २०१४-१५ ला डेम्पो आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली घसरला. परदेशी कोच वाईट होते असं मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या क्लबलाही एक माणूस गेल्यावर घडी पुन्हा बसवायला वेळ लागतो, आणि वेळच कुणी द्यायला तयार नसतं. नंतर त्याच क्लबचा जुना खेळाडू समीर नाईक याच्याकडे संघ दिला, त्याला वर्षं दिली, आणि २०२४ मध्ये डेम्पो पुन्हा आय-लीगमध्ये पोचला. दोन महिन्यांचं मानधन थकलेलं असताना शिस्तीबद्दल भाषण द्यायला जाऊ नका. आधी खजिनदारांकडे जा.

एवढं करूनही कोच बदलायची वेळ येऊ शकते. प्रॅक्टिसमध्ये ते बोलत असताना पोरं एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत असतील, सिनियर खेळाडू छोट्या दुखापतीचं कारण काढून सराव चुकवत असतील, सहायक कोच वेगळंच काही शिकवत असेल, तर तो संघ त्यांच्या हातून गेला आहे आणि मग थांबण्यात त्यांचंही भलं नाही. अशा वेळी मधल्या मोसमात बाहेरून कुणी नावाजलेला आणू नका. सहायक किंवा ज्युनियर संघाचा कोच, त्याचं कोचिंग लायसन्स नियमात बसत असेल तर, त्याला मोसम संपेपर्यंत द्या आणि त्याची मुदत खेळाडूंसमोर जाहीर करा. त्याला एक पत्र द्या, अध्यक्षांच्या सहीचं, की संघनिवड, कर्णधार आणि बदली खेळाडू हे तिन्ही निर्णय फक्त त्याचे आणि मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये कमिटीतलं कुणीही जाणार नाही. अध्यक्ष सही करायला तयार नसतील तर आत्ताच्याच कोचना ठेवा आणि हेच पत्र त्यांच्यासाठी मागत राहा. जुन्या कोचचे राहिलेले पैसे मात्र त्याच दिवशी चुकते करा, पोरं ते बघत असतात.