साडेचार बाय सातची बाथरूम आणि दीड लाखाचं कर्ज

प्रश्न : नागपूरच्या मानेवाड्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा जुना फ्लॅट आहे. बाथरूम ४.५ बाय ७ फुटांची, कमोड आतच. खालच्यांच्या छताला ओल आलीय. ठेकेदाराने २,६०,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. ३,००,००० ची एफडी (७ टक्के) आहे, बचत खात्यात ४०,०००. घरखर्च ४५,०००, महिन्याला उरतात १२,०००. आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात. दीड लाखाचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी २ वर्षांसाठी घेऊन बाकीचे एफडीतून काढावेत का?

उत्तर : लोन घेऊ नका आणि एफडीही मोडू नका. काम मात्र करा, पण १,३५,००० मध्ये आणि दिवाळीनंतर.

लोनचा हप्ता ७,२०० च्या घरात येईल आणि दोन वर्षांत व्याजच सुमारे २२,८०० जाईल. शिवाय एफडीतून १,१०,००० काढले की उरतील १,९०,०००, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा घरखर्च. घरात ७१ वर्षांची आई असताना अडीनडीला सहा महिन्यांचे २,७०,००० हवेतच. दुरुस्तीच्या कर्जावरच्या व्याजाची ३०,००० पर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत राहत्या घराला ती नाही, तेव्हा तो हिशेब धरू नका.

आता कोटेशन बघू. तोडफोड आणि वॉटरप्रूफिंग ३८,०००, प्लंबिंग ३०,०००, टाइल्स मजुरीसह ५८,०००, वॉल-हंग (भिंतीला टांगलेलं) कमोड ५२,०००, काचेचं शॉवर पार्टिशन ३४,०००, बेसिनखालचं कपाट २८,०००, फॉल्स सीलिंग आणि नवा गीझर २०,०००. पहिल्या दोन आकड्यांना हात लावू नका. खालच्यांची ओल तिथेच थांबते.

वॉल-हंगने जागा वाचते असं सांगितलं जातं, ते मोजून बघा. भांडं भिंतीपासून साधारण २१ इंच पुढे येतं, त्यामागे टाकीच्या फ्रेमची पेटी ५-६ इंच. बेरीज २६-२७ इंच, टाकीसह जमिनीवरच्या कमोडइतकीच. फ्रेम भिंतीत बुजवली तरच फायदा, आणि तुमची आतली भिंत ४ इंचांची असेल तर ती खोदताच येणार नाही. बोअरच्या जड पाण्याने आतल्या सीलवर क्षार साचले की दुरुस्ती फ्लशच्या पट्टीमागच्या छोट्या फटीतून करावी लागते. आईंसाठी १७-१८ इंच उंचीचं साधं कमोड १४,००० मध्ये बसवा. ड्रेनेजचा पाइप जिथे आहे तिथेच राहू द्या. कमोडची जागा हलवली की स्लॅबवरचा भराव आणि खर्च दोन्ही वाढतात.

खरी जागा दारात अडकलीय. अडीच फुटांचं दार आत उघडतं तेव्हा सुमारे ५ चौरस फूट खातं, आणि तुमची एकूण फरशीच साडेएकतीस. पॅसेज मोकळा असेल तर तेच दार बाहेर उघडणारं करा, ६,००० पुरतील. आई आत घसरून पडल्या तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाने अडतं. फक्त एवढ्यासाठीही हा बदल मी करायला लावेन.

टाइल्स लागतील फरशीला ३१.५ आणि भिंतींना दार वजा जाता १४३.५ चौरस फूट. तुटफूट धरून १९५. मजुरीसह २०० रुपये फुटाच्या आत बसवा, ३८,००० होतात. फरशीला मॅट टाइलच घ्या. बेसिन १६ बाय १२ इंचांचं, वर शेल्फसह ७,०००. काचेऐवजी रॉड आणि पडदा २,०००. चालू गीझर तसाच ठेवा.

पैसा असा जमेल : जवळचे ४०,०००, पाच महिन्यांचे ६०,००० आणि एफडीवर ५०,००० चा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल. दर साधारण एफडीपेक्षा १-२ टक्के जास्त, पण पाच महिन्यांत फेडलात तर व्याज हजाराच्या आसपास. १,५०,००० पैकी १५,००० फोडल्यावर निघणाऱ्या गोष्टींसाठी बाजूला ठेवा. सडलेला ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा नहाणीखालचा वळणाचा भाग) बहुधा निघतोच.

तोवर गळती तपासा. बाथरूम दोन दिवस न वापरता खाली थेंब चालूच राहिले तर दाबाचा (पाणी आणणारा) पाइप बहुधा फुटलाय. मग दिवाळीची वाट न पाहता तेवढा पाइप लगेच बदला. आंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर फरशीचे सांधे इपॉक्सी ग्राउटने (पाणी न मुरू देणाऱ्या भरावाने) भरून घ्या, काही महिने निभावेल. दिवाळीनंतर काम धरण्याचं आणखी एक कारण : मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत सिमेंटचं पाणी उडून जातं आणि प्लास्टर तडकतं.

ठेकेदाराचे पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा. सुरुवातीला २० टक्के. टाइल्स-कोबा स्लॅबपर्यंत काढून, ट्रॅप बदलून, पाइपांची प्रेशर टेस्ट घेऊन वॉटरप्रूफिंगचे दोन हात (भिंतीवर निदान १ फूट, शॉवरजवळ ६ फूट) झाले की ७२ तास पाणी भरून ठेवा. पातळीची खूण करा आणि खालच्यांचं छत बघा. कोरडं असेल तरच पुढचे ३० टक्के. ७ फुटांच्या लांबीत नहाणीकडे एक इंच उतार मिळाला का, ते बादलीभर पाणी ओतून पाहा, मग ३५. उरलेले १५ टक्के महिनाभर वापरल्यानंतरच द्या, आणि ही अट कामाआधी कागदावर लिहून घ्या.