ठाण्याला निरोप दिला की ठाण्याचा निरोप घेतला?

अकोल्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वर्षभर फिरायचं म्हणून त्या घरून निघाल्या. ठाण्यात चार दिवस थांबणार होत्या, राहिल्या साडेपाच महिने. आता निघायची वेळ आली. 'ठाण्याला निरोप देताना' असं काहीतरी लिहायला घेतलं, तर मावशी म्हणाली, "तू कोण गं निरोप देणारी?" त्या विचारतात, चुकलं काय? आणि 'ठाणं सोडतेय' असं म्हणवत नाही, कारण आपण इथल्या नव्हतोच. मग दुसरं काय म्हणावं?

मावशींचं बरोबर आहे. 'तू कोण' हे त्यांनी रागावून म्हटलं असेल, पण व्याकरणाचा सगळा मुद्दा त्या दोन शब्दांतच आहे.

राहणारा निरोप देतो, निघणारा घेतो. सरत्या वर्षाला आपण निरोप देतो, कारण वर्ष जातं आणि आपण मागे उरतो. गणपतीला मासुंदा तलावावर निरोप देतो, कारण बाप्पा निघालेले असतात आणि आपल्याला रिकामा पाट घेऊन घरी यायचं असतं. निवृत्त होणाऱ्या बाईंना शाळा निरोप देते आणि बाई शाळेचा निरोप घेतात. एकाच समारंभात दोन्ही क्रियापदं आपापल्या बाजूला बसलेली दिसतात. तुमच्या बाबतीत ठाणं कुठे चाललेलं नाही. (घोडबंदर रोडवर तर संध्याकाळी गाड्यासुद्धा कुठे चाललेल्या नसतात.) निघालात तुम्ही. म्हणून 'ठाण्याचा निरोप घेतला'.

हे असं का, ते शब्दाच्या पोटात शिरलं की कळतं. 'निरोप' आणि कीर्तनातलं 'निरूपण' ही एकाच कुळातली मंडळी. जुन्या मराठीत 'निरोपणे' म्हणजे सांगणे. मग सांगितलेली गोष्ट तो निरोप. वडीलधाऱ्यांनी सांगितली तर ती आज्ञा, आणि निघणाऱ्याला 'जा' म्हणून सांगितलं तर ती परवानगी. ही परवानगी यजमानाच्या हातात असते. पाहुण्यानं ती मागायची आणि मिळाली की घ्यायची. अरबीतून आलेल्या 'रजा' शब्दाचंही तेच: मुळात संमती, राजीखुशी. 'बराय, रजा घेतो' म्हणणारे म्हातारे आता दिसत नाहीत, रजेचे अर्ज तेवढे उरले.

निरोपाचे हे दोन अर्थ, सांगावा आणि जाण्याची परवानगी, अजून एकाच घरात नांदतात आणि कधीकधी एकमेकांच्या पायात येतात. माझ्या लहानपणी नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत एकच फोन होता, तो आमच्याकडे. फोनशेजारी पाठकोऱ्या कागदांची वही आणि सुतळीनं बांधलेली पेन्सिल. कुणी घरी नसेल तर निरोप लिहून घ्यायचा नि वर जाऊन सांगायचा, हे काम माझं. एकदा गुहागरहून फोन आला. मी धावत तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि दारातूनच ओरडलो, "काकू, तुमच्या आजोबांचा निरोप घेतला!" काकूंनी दाराची चौकट धरली आणि तिथेच खाली बसल्या. आजोबा ठणठणीत होते. सोमवारच्या एसटीनं आंब्याची पेटी पाठवतोय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. 'जगाचा निरोप घेणे' हा वाक्प्रचार मला त्या दिवशी कळला, पाठीत धपाटा बसून.

आता तुमच्या हातून 'ठाण्याला' का लिहिलं गेलं असेल? हिंदीतल्या 'शहर को अलविदा'चा त्यात वाटा असणार. पण मला वाटतं मराठीतही एक चकवा आहे, तो म्हणजे रामराम. त्याची दिशा बरोबर उलटी. रामराम हा नमस्कार, म्हणून तो निघणारा देतो आणि राहणारे घेतात. तुकोबा 'आम्ही जातो आपुल्या गावा' म्हणताना 'आमचा रामराम घ्यावा' म्हणतात, निरोप घ्यावा असं म्हणत नाहीत. तेव्हा 'ठाण्याला रामराम' हे तुमच्या तोंडी शंभर टक्के शुद्ध आहे. फक्त त्याला 'ठोकला' हे क्रियापद जोडू नका. रामराम ठोकतात तो कटकटीच्या नोकरीला, सिगारेटला, पक्षाला.

निघण्या-पाठवण्याच्या मराठी शब्दांना हा शापच आहे, एकेक करून सगळे घसरलेत. पाहुण्याला जाताना काही हातात ठेवून पाठवायचं ती बोळवण. आता 'दोनशे रुपयांवर बोळवण केली' म्हणजे चक्क तोंडाला पानं पुसली. पाहुण्याला मानानं नारळ द्यायचे. आता कंपनीनं नारळ दिला की माणूस दुसऱ्या दिवसापासून घरी. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं कापड. तो गुंडाळून ठेवणं हे स्वाराच्या रोजच्या कामांपैकी एक असणार. आता गाशा गुंडाळतात ती दिवाळं निघालेली दुकानं. चंबूगबाळं आवरायलाही माणूस आपखुशीनं तयार होत नाही, दुसरं कुणीतरी 'आवर आणि चालता हो' म्हणतं तेव्हा आवरतो. या सगळ्या पडझडीत 'निरोप' तेवढा स्वच्छ राहिला. त्याच्यात अजून कुणी कुजकेपणा मिसळलेला नाही.

'ठाणं सोडतेय' तुम्हाला खटकलं, ते मात्र तुम्हाला वाटतं त्याहून जास्त बरोबर आहे. ठाणं म्हणजे मुळात चौकी, शिबंदीची जागा. (रस्त्यावर कुणी नुसतं 'ठाणं कुठे?' विचारलं तर पोलिसांचं की आमचं, असा गोंधळ आजही होतो.) 'ठाणं सोडलं' म्हणजे पहारा टाकून माघार घेतली, असा एक जुना वास त्या शब्दाला आहे. पोर्तुगीजांना १७३७ साली मराठ्यांपुढे अक्षरशः ठाणं सोडावं लागलं. त्यांनी बांधायला घेतलेल्या इथल्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. निरोप मिळाल्याशिवाय निघता येत नाही, हा नियम अजून काटेकोरपणे पाळला जातो ती ठाण्यातली हीच एक जागा.

तुम्हाला हवा असलेला शब्द माझ्या मते 'मुक्काम हलवला' हा आहे. साधा आहे, पण त्यात गंमत आहे. मुक्काम अरबीतून आला, आणि त्याच्या मुळाशी आहे उभं राहणं. 'ठाणे' आलं संस्कृत 'स्थान'वरून. शिलाहारांच्या ताम्रपटांत या गावाचं नाव 'श्रीस्थानक' असं येतं. त्याही धातूचा अर्थ उभं राहणंच. म्हणजे 'मुक्काम ठाणे' म्हणताना आपण एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा म्हणतो: थांबलो, थांबलो. चार दिवसांचे साडेपाच महिने होणार नाहीत तर काय!

शिवाय मुक्काम या शब्दात जाणं धरलेलंच असतं. रात्रीची एसटी डेपोत 'मुक्कामी' असते ती पहाटे निघण्यासाठी. वारीतली पालखी मुक्काम करते, मुक्काम हलवते. आणि पोस्टकार्डावर सात पिढ्या एकाच घरात काढलेला माणूससुद्धा आपल्या गावाच्या आधी 'मु. पो.' लिहायचा. कायमच्या पत्त्याआधी मुक्काम! तेव्हा 'मी इथली नव्हतेच' हा संकोच सोडून द्या, त्या हिशेबानं आम्हीही नाही.

एक अपवाद सांगतो, कारण मावशींना उत्तर देताना तो कामी येईल. शहराला निरोप देता येतो, पण ते राहिलेल्यांनाच जमतं. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या भोंग्यावर ज्यांच्या घरी कुकर चढायचा, त्यांनी त्या ठाण्याला निरोप दिलाय. ते तिथेच आहेत, ठाणं निघून गेलं. तुम्ही पाहिलेलं ठाणं जायला अजून अवकाश आहे.

लिहिण्यापुरतं हे झालं. पण प्रत्यक्ष निघताना शेजारी, पोळीभाजी केंद्रातल्या काकू, रोजचा रिक्षावाला यांच्यासमोर 'निरोप' शब्द काढू नका, एकदम भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं. तिथे फक्त 'येते'. 'जाते' म्हणू नये हे तुम्हाला घरी शिकवलंच असेल, पण त्याला उत्तर काय येतं ते कान देऊन ऐका. तुमच्याएवढ्या मुलीला 'ये', मोठ्या माणसाला 'या'. उंबऱ्याबाहेर निघालेल्या माणसाला आपण चक्क आत बोलावतो, आणि त्यात कुणालाच काही चमत्कारिक वाटत नाही. निरोप दिला-घेतला तो असा, एकेका अक्षरात.

राहता राहिलं एक. तुमच्या प्रश्नात एका ठिकाणी 'ठाणेचा मुक्काम' असं आलंय. स्टेशनवरच्या घोषणा ऐकून झालं असेल, पण ठाण्याचा, ठाण्यात, ठाण्याहून. साडेपाच महिने राहिलात, एवढं सामान्यरूप तरी सोबत न्या.